दुसऱ्याची अनुदिनी : मदतीचे मर्म आणि मर्यादा

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

विषयप्रवेश

लिहिणे आणि लिहिलेले लोकांपर्यंत पोहोचविणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कागद, लेखणी आणि मनात सांगण्यासारखे काही असले म्हणजे पुरते. दुसरीसाठी मात्र फार काळपर्यंत छापखाना, भांडवल, संपादकाची मर्जी आणि टपालखर्च यांची गरज पडत असे. मराठीतील नियतकालिकांचा इतिहास पाहिला तर तो एका अर्थाने 'स्वतःची जागा स्वतः निर्माण करण्याचा' इतिहास आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले आणि १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृती तरुण कवींनी 'शब्द' हे चक्रमुद्रित लघुनियतकालिक चालविले. या तिन्ही घटनांचे हेतू निराळे, काळ निराळे आणि मोलही निराळे. परंतु जे म्हणायचे आहे त्याला प्रचलित पानांवर जागा नाही, म्हणून आपले पान आपणच काढायचे, ही प्रेरणा तिन्हींमागे दिसते.

आपल्या पिढीला ही जागा जवळजवळ विनामूल्य उपलब्ध आहे. तिला इंग्रजीत 'ब्लॉग' म्हणतात. मराठीत 'अनुदिनी' किंवा 'जालनिशी' हे शब्द रूढ झाले आहेत. गेली दोन वर्षे मी तीन व्यक्तींना त्यांची स्वतःची अनुदिनी सुरू करण्यास व चालविण्यास मदत करीत आहे. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एक एस. टी. मधून निवृत्त झालेले वाहक आणि एक ऊसतोड कामगाराच्या घरातील माझा मित्र. या कामात जे तांत्रिक ज्ञान लागते ते फार थोडे आहे व ते कोणालाही आठ दिवसांत येते. अवघड आहे ते निराळेच. मदत कोठे सुरू करावी आणि विशेषतः ती कोठे थांबवावी, हे समजणे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शब्द आणि साधन

'ब्लॉग' हा शब्द 'वेबलॉग' या शब्दाचा संक्षेप होय. 'लॉग' म्हणजे मूळ अर्थाने लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेले लाकूड पाण्यात सोडीत आणि त्यावरून आलेले आकडे ज्या वहीत लिहीत तिला 'लॉगबुक' म्हणू लागले. पुढे कोणत्याही तारीखवार नोंदवहीला हा शब्द लागला. १९९७ मध्ये जॉर्न बार्जर यांनी 'वेबलॉग' हा शब्द वापरला आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गंमतीने त्याचे दोन तुकडे केले, त्यातून 'ब्लॉग' उरला. आपल्याकडील 'रोजनिशी'वरून 'जालनिशी' हा शब्द तयार झाला, आणि 'अनुदिन' म्हणजे दररोज, त्यावरून 'अनुदिनी'. दोन्ही शब्दांत तारखेला महत्त्व आहे हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सामान्य माणसाला अनुदिनी लिहिता येईल असे साधन 'ब्लॉगर' या नावाने ऑगस्ट १९९९ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने आणले. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. दुसरे मोठे साधन 'वर्डप्रेस'. त्याच्या जन्माची हकीकत आपल्या विषयाशी फार जुळणारी आहे. २००३ च्या आरंभी मॅट मलनवेग हा ह्यूस्टन येथील विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. तो ज्या आज्ञावलीवर आपली अनुदिनी लिहीत असे, तिची देखभाल थांबली होती. ती आज्ञावली मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कोणालाही पुढे नेता येण्यासारखी होती. आपण ती पुढे न्यावी असा विचार त्याने आपल्या अनुदिनीवर मांडला आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी 'मदत करायला मी तयार आहे' अशा अर्थाचे उत्तर दिले. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. म्हणजे आज जगभर वापरले जाणारे हे साधन एका कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या गरजेतून आणि एका अपरिचित माणसाच्या मदतीतून उभे राहिले. हे वाचून आपणांपैकी कोणी 'तंत्राचे काम विज्ञानशाखेचे' असे म्हणणार नाही, अशी आशा आहे.

आता अनुदिनीची गरज काय?

असा प्रश्न मला आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला आणि तो योग्यच होता. आज ज्याच्या त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर क्षणात शंभर जणांकडे जातो. मग अनुदिनीचा खटाटोप कशासाठी?

उत्तर असे की पोहोचणे आणि टिकणे यांत फरक आहे. समूहात टाकलेला मजकूर दुपारपर्यंत इतर संदेशांखाली दबून जातो. तो पुढे पाठविला जाताना लेखकाचे नाव गळून पडते आणि काही दिवसांनी तोच मजकूर भलत्याच नावाने आपल्याकडे परत येतो. अनुदिनीवरील प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता असतो, तारीख असते आणि लेखकाचे नाव असते. तो शोधता येतो, त्यात दुरुस्ती करता येते आणि त्याचा हवाला देता येतो. लेखकाच्या ओळखीचा नसलेला वाचकही तेथे येऊ शकतो. चावडीवर बोलणे आणि दस्तऐवज लिहून ठेवणे यांत जो फरक, तोच येथे आहे. चावडी हवीच. परंतु दस्तऐवजाचे काम चावडी करू शकत नाही.

आधी पाच लेख, मग अनुदिनी

मदत मागायला येणारा मनुष्य बहुधा 'मला ब्लॉग काढून दे' असे म्हणतो. त्या क्षणी संगणक सुरू करू नये, असे माझे मत आहे. अनुदिनी उघडायला दहा मिनिटे लागतात, आणि म्हणूनच उघडून रिकाम्या राहिलेल्या अनुदिन्या जागोजागी आढळतात. मी प्रथम तीन प्रश्न विचारतो. हे कोणी वाचावे असे तुम्हांला वाटते? किती दिवसांनी एक लेख लिहिणे तुम्हांला झेपेल? आणि कोणत्या गोष्टीबद्दल तुम्ही लिहिणार नाही? तिसरा प्रश्न ऐकून लोक थबकतात, पण पुढे सर्वांत अधिक उपयोग त्याचाच होतो.

त्यानंतर मी पाच लेख कागदावर लिहून मागतो. वाहककाकांनी (मी त्यांना काकाच म्हणतो) प्रथम जे लिहून आणले ते 'जीवन म्हणजे एक प्रवास आहे' अशा थाटाचे होते. मी काही म्हटले नाही, फक्त दुसरा कागद पुढे केला. दुसऱ्या कागदावर मुक्कामी गाडी आली. रात्री साडेनऊला शेवटच्या गावात पोहोचणारी, देवळाशेजारी उभी राहणारी आणि पहाटे पावणेसहाला दूधवाले, शाळेची पोरे व दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या यांना घेऊन निघणारी गाडी. तिसऱ्या कागदावर सुट्ट्या पैशांची भांडणे आली. चौथ्यावर गाडीत झालेले एक बाळंतपण आले. पाच कागद होईपर्यंत अनुदिनीचे नावही ठरले होते : 'डबल बेल'. एकदा घंटी वाजली की गाडी थांबायची आणि दोनदा वाजली की निघायची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नावाचे स्पष्टीकरण लागत नाही. पाच लेखांची अट घातल्यामुळे लेखकाला स्वतःचा विषय सापडतो आणि काहींना आपल्याला अनुदिनी नकोच आहे हेही कळते. दोन्ही निष्पत्ती चांगल्याच.

किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या तालुक्यातील एका वृद्ध कीर्तनकारांची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे. एका हौशी तरुणाने त्यांच्यासाठी अनुदिनी उघडून दिली, ती त्याच्या स्वतःच्या खात्यातून. बुवा सांगत आणि तो टंकलिखित करून प्रसिद्ध करी. चाळीसएक आख्याने अशी लागली. पुढे तो नोकरीनिमित्त दूर गेला, त्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला, जुने खाते उघडेनासे झाले. बुवांचे लेखन आजही जगाला दिसते, फक्त बुवांना त्यात एक काना बदलता येत नाही. एका आख्यानात एका गावाचे नाव चुकीचे पडले आहे आणि त्या गावचे लोक भेटले की बुवा दरवेळी तोंडाने दुरुस्ती सांगतात. मदत मनापासून झाली होती यात शंका नाही. परंतु घर बुवांचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था होती.

यावरून मी काही नियम पाळतो. खाते लेखकाच्याच नावाने, त्याच्याच दूरध्वनी क्रमांकावर उघडायचे. परवलीचा शब्द लेखकाने स्वतः टाकायचा आणि त्या वेळी आपण खिडकीबाहेर पाहायचे. बाईंनी (शिक्षिकेला सारा गाव बाईच म्हणतो) तो शब्द एका वहीत लिहून कपाटात ठेवला आहे. वहीत लिहू नये असे सांगणारे पुष्कळ भेटतात; पण पंचाहत्तरीच्या स्त्रीने घरच्या कपाटात जपून ठेवलेली वही ही विसरलेल्या शब्दापेक्षा निश्चितच बरी.

मदतनीसाला आत येण्याची गरज पडली तर त्यासाठी दोन्ही साधनांत सोय आहे. ब्लॉगरमध्ये 'प्रशासक' आणि 'लेखक' अशा दोन भूमिका देता येतात. वर्डप्रेसमध्ये अधिक पायऱ्या आहेत : प्रशासक सर्व काही करू शकतो, संपादक इतरांचे लेख दुरुस्त व प्रसिद्ध करू शकतो, लेखक फक्त स्वतःचे लेख प्रसिद्ध करू शकतो आणि योगदाता लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही. मूळ धन्याने प्रशासक राहावे, मदतनीसाने शक्य तितकी खालची भूमिका घ्यावी आणि काम संपले की तीही सोडावी.

शिकवितानाही हेच तत्त्व. माऊस त्यांच्या हातात, माझे हात मांडीवर. पहिल्या दिवशी फक्त आत जाणे, मसुदा लिहिणे, तो जतन करणे आणि बाहेर पडणे. दुसऱ्या दिवशी लेख प्रसिद्ध करणे, आणि त्याच दिवशी प्रसिद्ध केलेला लेख मागे घेऊन पुन्हा मसुदा करणे. ही दुसरी क्रिया बहुतेक जण शिकवीत नाहीत. परंतु माघारी येण्याची वाट ठाऊक असली म्हणजे पुढे जाण्याची भीती निम्मी होते. तिसऱ्या दिवशी छायाचित्र लावणे, चौथ्या दिवशी जुन्या लेखातील दुरुस्ती. पाचव्या दिवशी मी दुसऱ्या खोलीत बसतो. बाईंनी त्या दिवशी तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा मी खोलीत पोहोचेपर्यंत त्यांचे त्यांनाच उत्तर सापडले होते.

अक्षराचा प्रश्न

मराठी अनुदिनीकाराला इंग्रजी अनुदिनीकारापेक्षा एक पायरी अधिक चढावी लागते, ती लिपीची. बाईंनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिलेले लेख एका टंकलेखन केंद्रातून करून घेतले होते. ती धारिका त्यांनी जपून ठेवली होती. ती अनुदिनीत उतरविताच पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. कारण असे की श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तो टंक ज्या संगणकावर आहे तेथेच मजकूर मराठी दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक आहे. देवनागरीचा समावेश तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे, परंतु सामान्यांच्या संगणकावर ती रुळायला पुढील दशक उजाडले. जुन्या टंकातील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.

मराठीची स्वतःची अशीही काही अक्षरे आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन निराळे शब्द आहेत. एकात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगरामधील खोल जागा. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार उमटविण्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. हे कोणी सांगितले नाही तर लेखक 'सातार्‍याच्या' ऐवजी 'सातार्याच्या' लिहितो आणि पुढे तेच वळण पडते. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले.

काकांना टंकलेखन जमेना, तेव्हा त्यांनी बोलून लिहिण्याचा मार्ग धरला. गूगलची ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये सुरू झाली. यंत्र बऱ्याच अंशी बरोबर लिहिते, परंतु विरामचिन्हे देत नाही आणि 'वेबिल', 'पंच', 'ट्रे' असे त्यांच्या धंद्यातील शब्द ऐकून गोंधळते. म्हणून काका आधी बोलतात, मग चष्मा लावून दुरुस्त करतात. त्यांच्या मते पासची गर्दी असलेल्या गाडीत हिशेब जुळविण्यापेक्षा हे सोपे आहे.

पत्त्याविषयी एक बारीक सूचना. ब्लॉगरमध्ये लेखाचा मथळा देवनागरीत असला तर साधन आपल्या मनाने 'ब्लॉग-पोस्ट' असा निरर्थक पत्ता तयार करते. वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारते, परंतु तो दुसरीकडे उतरविताना एकेका वर्णाची नऊ-नऊ रोमन चिन्हे होऊन हातभर लांब होतो. यासाठी प्रसिद्ध करण्यापूर्वीच रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता हाताने द्यावा. प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलला तर जुने दुवे तुटू शकतात.

आवाज कोणाचा?

मराठीच्या विद्यार्थ्याने हे काम करताना सर्वांत मोठा धोका त्याच्या मराठीपासूनच असतो. समोरच्याचे लेखन पाहिले की हात शिवशिवतो. 'शुद्ध' करावेसे वाटते, शेवटी एखादे तात्पर्य जोडावेसे वाटते.

या बाबतीत बहिणाबाई चौधरींचे उदाहरण मला मार्गदर्शक वाटते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या व कविता त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी उतरून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठी त्यांना उत्तम अवगत होती. त्यांनी आईची भाषा 'सुधारली' असती तर कोणी त्यांना दोष दिला नसता. फक्त मराठी साहित्य खानदेशच्या मातीतील एका आवाजाला कायमचे मुकले असते. लेखनिकाचे मोठेपण त्याने काय लिहिले यापेक्षा त्याने कशाला हात लावला नाही, यात असू शकते.

व्यवहारात मी दुरुस्त्यांचे तीन वर्ग केले आहेत. टंकलेखनातील घसरणी दाखवून द्याव्यात; लेखक त्या आनंदाने दुरुस्त करतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवाव्यात, नियम सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. शब्द, वाक्यरचना, बोलीतील रूपे आणि सांगण्याचा क्रम यांना मात्र स्पर्श करू नये. काका 'गाडी लागली' असे लिहितात, 'फलाटावर आली' असे नाही. बाई मुलांच्या नावांपुढे त्यांच्या आईची नावे लिहितात, कारण त्यांच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना सोडायला आयाच येत. ही लकब काढून टाकली तर लेख अधिक गुळगुळीत होईल, पण तो बाईंचा राहणार नाही.

नाव आणि जबाबदारी

माझ्या मित्राची अनुदिनी ऊसतोडीच्या जीवनावर आहे. त्याचे आईवडील दर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्या जगात नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या रकमेला 'उचल' म्हणतात, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे हातपाय आधीच बांधले जातात. कोपीतील रात्री, पहाटेच्या थंडीतील फड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी त्याची आई, हे सारे त्याने लिहिले. एका लेखात त्याने उचलीच्या हिशेबात झालेली फसवणूक आकड्यांसह लिहिली आणि मुकादमाचे नाव घातले. लेख मसुद्यात होता.

अशा वेळी मदतनीसाचे काम काय? 'छाप, भिऊ नकोस' असे सांगणे सोपे होते, कारण पुढच्या हंगामात त्या मुकादमाकडे मला जायचे नव्हते. 'नाव काढ' असे सांगणेही तितकेच सोपे होते. मी त्याच्यासमोर मला ठाऊक असलेल्या गोष्टी मांडल्या. अनुदिनी हे प्रसिद्धीचेच साधन आहे आणि बदनामीचा कायदा (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६) तिलाही लागू होतो. खरे असणे आणि ते सिद्ध करता येणे यांत अंतर असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्यामुळे केवळ कोणाला लेख त्रासदायक वाटला म्हणून त्या कलमाखाली अटक होऊ शकत नाही. आणि शेवटची गोष्ट, लेखाचा परिणाम त्याच्या आईवडिलांवर होणार असल्याने प्रथम त्यांना लेख वाचून दाखवावा.

त्याने सुट्टीत फडावर जाऊन लेख वाचून दाखविला. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "नाव नको लिहू. हिशेब मात्र सगळा लिही." तसाच तो प्रसिद्ध झाला. नाव नसलेला तो हिशेब वाचून शेजारच्या दोन गावांतील मुलांनी आपापल्या घरचे हिशेब त्याला लिहून पाठविले. नाव घातले असते तर ते एका माणसाविषयीचे भांडण झाले असते. आता ती एका व्यवस्थेविषयीची नोंद झाली आहे. हा निर्णय त्या माउलीचा होता. तो मला सुचला नसता, आणि सुचला असता तरी घेण्याचा अधिकार मला नव्हता.

याच संदर्भात स्वामित्वहक्काचाही उल्लेख केला पाहिजे. आवडलेली कविता आपल्या अनुदिनीवर संपूर्ण उतरविण्याची सवय पुष्कळांना असते. भारतीय कायद्यानुसार (१९५७) साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. खाली कवीचे नाव दिल्याने परवानगी मिळत नाही.

चालविणे आणि टिकविणे

अनुदिनी सुरू होणे हा उत्सव असतो, चालणे हा संसार असतो. पहिल्या दोन महिन्यांनंतर ओहोटी लागते हा माझा अनुभव आहे. याची कारणे दोन. एक म्हणजे वाचकसंख्येचा आकडा. काकांना प्रारंभी रोज पंधरा-वीस वाचक येत आणि ते खट्टू होत. मी त्यांना विचारले की तुमच्या मुक्कामी गाडीत पहाटे किती उतारू असत? ते म्हणाले, "बारा-पंधरा. पण गाडी कधी रद्द केली नाही." त्यानंतर त्यांनी आकडा पाहणे सोडले. दुसरे कारण म्हणजे न झेपणारा वेग. आठवड्याला तीन लेख लिहिणारा महिन्यात दमतो. महिन्याला एक लेख, पण ठरलेल्या तारखेला, हे वेळापत्रक अधिक काळ टिकते. वाचकांची पत्रे आधी वाचून मगच प्रसिद्ध करण्याची सोय चालू ठेवावी. एका शिवराळ उत्तराने नवा लेखक कायमचा गप्प होऊ शकतो.

जतनाचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. विनामूल्य जागा ही शेवटी दुसऱ्याच्या मालकीची जागा असते. लक्षावधी लोकांची पाने असलेले 'जिओसिटीज' २००९ मध्ये बहुतेक देशांत बंद झाले, 'पोस्टरस' ही अनुदिन्यांची जागा एप्रिल २०१३ मध्ये बंद झाली. यास्तव दर तीन महिन्यांनी संपूर्ण अनुदिनीची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. ब्लॉगर व वर्डप्रेस दोन्हींत ती सोय आहे. वर्डप्रेसच्या त्या प्रतीत मजकूर येतो पण छायाचित्रे येत नाहीत, तीं वेगळी जपावी लागतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात आपल्या पानाची नोंद स्वतः करता येते. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे कागद. बाईंच्या लेखांची छापील प्रत बांधून आम्ही गावच्या वाचनालयात ठेवली आहे.

यापुढचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी तो विचारलाच पाहिजे : आपल्यामागे या लेखनाचे काय? दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकता येईल असा नियम गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला. खाते दीर्घकाळ वापरात नसल्यास विश्वासातील व्यक्तीला कळविण्याची सोयही त्याच कंपनीने २०१३ पासून दिलेली आहे. मी हा विषय भीत भीत बाईंकडे काढला. त्यांनी शांतपणे आपल्या नातीचे नाव घातले आणि म्हणाल्या, "दागिन्यांचे लिहून ठेवले आहे, मग याचे का नको?" लिहिलेल्या शब्दाला दागिन्यांच्या ओळीत बसविणारे हे वाक्य मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते.

समारोप

या सर्व विवेचनातून निघणारे सूत्र थोडक्यात असे : खाते त्याचे, हात त्याचा, भाषा त्याची, निर्णय त्याचा. मदतनीसाकडे उरते ते वाट दाखविणे, धोके सांगणे आणि वेळ आली की बाजूला होणे. मदतीचे यश मोजण्याची माझ्या मते एकच कसोटी आहे, ती म्हणजे आपल्यावाचून ती अनुदिनी चालते की नाही. या कसोटीवर आज दोन अनुदिन्या उतरल्या आहेत. तिसरीत मी अजून योगदाता आहे, पण गेल्या पाच महिन्यांत मला आत जावे लागलेले नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावांकडे नेत आली आहे. आपल्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते करावेच. परंतु प्रत्येक गावात एखादी सुईण, एखादा गवंडी, एखादा पोस्टमन, एखादी निवृत्त बाई असते, जिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ज्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नसते. मराठी विभागाने पुढील वर्षी प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याकडे अशी एकेक व्यक्ती सोपवावी, ग्रंथालयाने आठवड्यातून एक दुपार दोन संगणक बाहेरच्यांसाठी मोकळे ठेवावेत आणि वर्षअखेर त्या लेखनाची छापील प्रत ग्रंथालयात दाखल करून घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. याला फारसा खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे राहू देण्याचा संयम. तो संयम भाषेच्या विद्यार्थ्यांनी शिकावयाचा नाही तर कोणी?